रविवारच्या उड्डाणासाठी शनिवारची तयारी

सगळ्यात आधी जागा पक्की करा, विमान नंतर. मुंबईत राहून रिमोटचं विमान उडवायचं तर शहराबाहेर जाणं आलंच. सांताक्रूझचा विमानतळ, जुहूची धावपट्टी, कुलाब्याचा नौदलाचा तळ, खाडीपलीकडे नवी मुंबईचा नवा विमानतळ. शिवाय ड्रोन आणि रिमोटच्या विमानांवर पोलिसांचे बंदीचे आदेश वेळोवेळी निघतात. तेव्हा शिवाजी पार्क, चौपाटी मनातूनही काढून टाका. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमची जागा हिरव्या भागात आहे ना, ते दर खेपेला नव्याने बघा. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते.

आमचा गट कर्जतच्या बाजूला, भात कापून झालेल्या शेतात जातो. शेताच्या मालकांना आठवडाभर आधी फोन करा. गुरं किती वाजता चरायला सोडतात, हेही विचारून घ्या.

शनिवारी संध्याकाळी बॅटऱ्या. हे काम घाईत उरकू नका. आमच्याकडे बहुतेकांच्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या ३ सेलच्या, २२०० एमएएचच्या आहेत, त्या २.२ अँपिअरवर, सगळे सेल सारखे भरणारी बॅलन्सची वायर जोडूनच चार्ज करा. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पोचला की पूर्ण. चार्जर लादीवर ठेवा, गादीवर किंवा लाकडी कपाटावर नको, आणि तोवर खोलीतून हलू नका. बॅटरी जराही फुगलेली दिसली, तर ती नेऊच नका. उडवून उरलेल्या बॅटऱ्या भरलेल्या ठेवू नका, सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

मग विमान जोडून बघा, पण मोटरवरचा पंखा (प्रोपेलर) काढून. घरात मोटर अचानक फिरली तर बोटं कापतात. पंखाच्या खाली दोन्ही बाजूंना एकेक बोट लावून विमान उचला. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर ते तोललं पाहिजे. शेपूट जड असलेलं विमान नवख्याच्या हाती देऊ नका. थर्माकोलचं काही चिकटवायचं राहिलं असेल, तर झटपट चिकटणारा साधा गोंद वापरू नका, थर्माकोल विरघळतं. फोमचाच गोंद घ्या.

रिमोट आधी चालू, विमानाची बॅटरी नंतर. बंद करताना उलट. आता शेपटीमागे उभे राहा आणि रिमोटवरची काठी उजवीकडे ढकला: उजव्या पंखावरची पट्टी वर उठली पाहिजे, डावी खाली. मागच्या मोसमात मी सर्व्हो, म्हणजे पट्ट्या हलवणारी छोटी मोटर, बदलला आणि पट्ट्या हलताना बघून समाधान मानलं, दिशा बघितलीच नाही. विमान हातातून सुटलं, डावीकडे कललं, मी उजवीकडे ढकललं तसं आणखी डावीकडे गेलं आणि थेट बांधावर. दोन महिन्यांचं काम चार सेकंदांत गेलं. तेव्हापासून आमच्यात दुसऱ्याने दिशा मोठ्याने म्हणून दाखवल्याशिवाय कोणी विमान सोडत नाही.

माणसांची तयारीही शनिवारीच करा. कोण कोणाला शिकवणार, ते ठरवा. नव्या मुलांसाठी दोन रिमोट जोडायची वायर घ्या. विमान हातचं जायला लागलं की शिकवणारे काका आपल्या रिमोटवर ताबा घेतात, मूल घाबरत नाही. विमान अंगावर येताना डावं-उजवं उलटं होतं, हे त्यांना आधीच सांगा: जो पंख खाली झुकलाय, त्याच बाजूला काठी ढकला, जणू त्याला खालून आधार देताय. हे एकदा अंगवळणी पडलं की पोरं उडवायला लागतात. घारींवर आणि माणसांवर नजर ठेवायला एकजण मोकळा हवाच.

पंख सुटा करून जुन्या चादरीत गुंडाळा आणि पहाटेची कर्जत लोकल धरा. ऊन चढलं की वारा उठतो. पाणी, टोप्या, रबरबँड, चिकटपट्टी घ्या.

आणि एक रिकामी गोणी. फोमचा तुकडासुद्धा शेतात राहता कामा नये, गुरांच्या पोटात जातो. बांधावर पडलेल्या माझ्या विमानाचे तुकडे वेचायला शेतमालकांचा धाकटा मुलगा धावून आला होता, शेपूट त्यानेच शोधून दिली. त्याच्यासाठी हाताने फेकायचं एक ग्लायडर केलंय, ते गोणीत सगळ्यात वर ठेवलंय.