देवघराच्या प्लायला टाकणखाराचं पाणी

समईच्या बरोब्बर वर, छताच्या फळीला तळहाताएवढा काळा डाग पडला होता. बोट फिरवलं तर वरचं व्हिनिअर (प्लायचा लाकडी पातळ थर) कोळसा होऊन हाताला लागलं. काकूंचं हे देवघर मीच केलेलं, 12 मिलीमीटर प्लायचं. तेव्हापासून ज्योतीजवळची फळी लवकर पेटू नये म्हणून टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवल्याशिवाय मी बसवत नाही.

आधी प्लाय नीट निवडा. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) किंवा मरीनच घ्या. साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) कमर्शिअल भिजला की त्याचे थर सुटतात, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) तर फुगून वाया जातो. फळ्या मापात कापून, स्क्रूची भोकं पाडून मगच भिजवायच्या, कारण पाणी सगळ्यात जास्त कापलेल्या कडांतून आत शिरतं. पॉलिश किंवा मायका आधी लावलात तर पुढची सगळी मेहनत फुकट.

प्लास्टिकच्या बादलीत 10 लिटर गरम पाणी, त्यात 600 ग्रॅम टाकणखार आणि 400 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड. (कॅरमवर टाकतात तीच बोरिक पावडर, पण सुगंधी नको.) दोन्ही हवेतच. टाकणखार ज्वाळा पसरू देत नाही, पण त्यानं लाकूड आतल्या आत धुमसू शकतं; ते धुमसणं बोरिक थांबवतं. शिवाय दोन्ही एकत्र असले की एकेकट्यापेक्षा जास्त विरघळतात. हातमोजे आणि मास्क घालाच. मुलांना जवळ येऊ देऊ नका, स्वयंपाकाची भांडी वापरू नका.

जमिनीवर विटांची चौकट मांडून त्यात जाड प्लास्टिक अंथरा, झाली टाकी. फळीचं वजन आधी लिहून ठेवा, रात्रभर बुडवा, सकाळी पुसून पुन्हा वजन करा. हा काटा मला फार महत्त्वाचा वाटतो. वजन 100 ग्रॅमनं वाढलं, तर आत खार गेला जेमतेम 9 ग्रॅम! म्हणून पूर्ण वाळवून दुसऱ्यांदा भिजवतो. नुसता ब्रश मारून वरच्या व्हिनिअरपलीकडे फारसं काही पोचत नाही.

फळी सावलीत, खाली पट्ट्या देऊन, सपाट वाळवा. उन्हात ती वाकते. वाळल्यावर पांढरा खार फुलतो. तो पॉलिश पेपरनं काढा, नाहीतर मायका चिकटणार नाही.

सोबत 4 मिलीमीटर प्लायच्या दोन पट्ट्या घ्या, एक भिजवलेली, एक कोरी. अंगणात, शेजारी पाण्याची बादली ठेवून, दोन्ही मेणबत्तीवर धरा. ज्योत काढल्यावर भिजवलेली विझली पाहिजे. जळतच राहिली, तर खार कमी गेलाय.

एवढं करूनही लाकूड ते लाकूडच. ते उशिरा पेटतं, आग सावकाश पसरते, पण धूर होतोच. दुकान, हॉल, शाळा अशा ठिकाणी हा घरचा उपाय चालवू नका; तिथे आयएस 5509 चा (आगरोधक प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेला प्लायच घ्या. कारखान्यात रसायन नुसतं वरवर न राहता आतल्या थरांपर्यंत पोचवतात.

काकूंच्या नव्या छताला समईच्या वर स्टीलचा पत्राही ठोकला, मधे बोटभर हवा सोडून. आतून पॉलिश केलं नाही, कारण पॉलिशच आधी पेट घेतं. आणि काजळी पुसायला काकूंना फक्त कोरडं फडकं वापरायला सांगितलं. ओल्या फडक्यानं खार निघून येतो.