नैसर्गिक वायू ‘अक्षय ऊर्जे’त धरताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलं की एक तरी तक्ता असा भेटतोच. वर पिवळाधमक सूर्य, शेजारी पवनचक्की, मग धरण आणि चौथ्या चौकटीत लाल सिलिंडर. मथळा ‘अक्षय ऊर्जेची साधने’. मागे सातवीतल्या एका मुलीला विचारलं, सिलिंडर इथे कसा काय? ती पटकन म्हणाली, “सर, नैसर्गिक वायू आहे ना तो!”

त्या एका चौकटीत दोन चुका होत्या. दुसऱ्या चुकीकडे पुढे येऊच. पहिली चूक मोठी माणसंही करतात, तेव्हा आधी निकाल सांगून टाकतो: नैसर्गिक वायू नवीकरणीय, म्हणजे अक्षय, नाही. तो कोळसा आणि खनिज तेलाच्याच पंगतीतला.

‘नैसर्गिक’ शब्दाला भुलू नका

नैसर्गिक तर कोळसाही आहे. मग या वायूलाच ते विशेषण का चिकटलं? एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले तेव्हा तो गॅस कारखान्यात कोळसा तापवून काढलेला असे. जमिनीतून आयता मिळणारा वायू त्याहून वेगळा, एवढंच सांगायला ‘नैसर्गिक’ हा शब्द आला. संपेल की पुरेल, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

‘जमिनीत अजून तयार होतच असेल की’

होत असेलही. पण त्याला लाखो-कोट्यवधी वर्षं लागतात आणि आपण उपसतो वर्षांच्या हिशेबाने. मुंबई हायचं क्षेत्र १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. समुद्रतळाखालच्या चुनखडीत कोट्यवधी वर्षं अडकून पडलेलं तेल आणि वायू एका पिढीच्या नोकरीत बाहेर निघाले. विहिरीला पावसाळ्यात पाणी चढतं तसं तिथे काही चढत नाही.

हे प्रत्यक्ष पाहायचं तर गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला जा. एन्रॉनच्या काळापासून ‘दाभोळ’ म्हणून गाजलेला तो वीज प्रकल्प नंतर रत्नागिरी गॅस या नावाने चालू झाला. क्षमता १९६७ मेगावॅट. त्याची भिस्त होती आंध्र किनाऱ्याजवळच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूवर. तिथलं उत्पादन २००९ मध्ये सुरू झालं, वर्षभरात शिगेला पोचलं आणि मग घसरत गेलं. ते का घसरलं यावर वाद झाले, ते असोत. २०१३ च्या अखेरीस कोकणातली ही अजस्र यंत्रं गॅसअभावी थंड पडली होती. वारा पडला तर पवनचक्की थांबते आणि वारा सुटला की पुन्हा फिरते. इथे तशी सोय नाही.

‘अपारंपरिक’ आणि ‘नवीकरणीय’ यांची गल्लत

ही आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांची देणगी. ‘पारंपरिक’ आणि ‘अपारंपरिक’ अशी दोन खणांची वाटणी पाठ करून आपण मोठे झालो. केंद्राचं खातंही २००६ पर्यंत ‘अपारंपरिक ऊर्जा स्रोत मंत्रालय’ होतं. नंतर ते ‘नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय’ झालं. पण चुलीतलं लाकूड पूर्ण पारंपरिक, तरी झाड पुन्हा वाढतं म्हणून नवीकरणीय. उलट शेल नावाच्या घट्ट खडकात अडकलेल्या शेल वायूला तज्ज्ञ ‘अपारंपरिक वायू’ म्हणतात आणि तो शंभर टक्के जीवाश्म इंधन आहे. उत्तर लिहिताना हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की पुढचं सगळं घसरतं.

‘स्वच्छ’ म्हणजे ‘अक्षय’ नव्हे

वीज तेवढीच काढली तर गॅसमधून कोळशाच्या जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो, राखही नाही. म्हणून त्याला स्वच्छ म्हणतात. युरोपियन युनियनने २०२२ मध्ये काही गॅस प्रकल्पांना अटी घालून शाश्वत गुंतवणुकीच्या यादीत बसवलं, त्यातून गोंधळ आणखी वाढला. ती जागाही ‘संक्रमणकाळापुरती’ होती, नवीकरणीय म्हणून नव्हे. आणि ही स्वच्छताही गळती नसेल तरच. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन, तो न जळता सुटला तर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता अडवतो.

सिलिंडर, पाइप आणि गोबरगॅस एकच समजणं

आता त्या तक्त्यातली दुसरी चूक. लाल सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. पाइपने येणारा पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. आमच्याकडे पाइपलाइन आली तेव्हा फिटरने शेगडीचे बर्नर उचलून आतले जेट बदलले. जुना आणि नवा जेट तळहातावर शेजारी ठेवून पाहिले: नव्याचं भोक मोठं. तेवढ्याच घनफळात मिथेनची उष्णता कमी, म्हणून आच तेवढीच हवी तर वायू जास्त सोडावा लागतो. सिलिंडर गेला, पाइप आला, तरी इंधन जमिनीखालचंच. सोसायटीच्या फलकावर ‘आता आपण हरित ऊर्जेवर’ असं लिहिण्याची घाई करू नये.

गोबरगॅसचं मात्र वेगळं. त्यातही जळतो तो मिथेनच, पण शेण किंवा खरकटं कुजून काही आठवड्यांत तयार झालेला. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने तर घरच्या खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र बनवलं. रेणू एकच, वय निराळं. आणि ते वय प्रयोगशाळेत मोजताही येतं. कार्बन-१४ हा सजीवांत असणारा किरणोत्सारी कार्बन दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. शेणात तो सापडतो. खोल विहिरीतल्या वायूत तो केव्हाच संपलेला असतो. म्हणून एखाद्या गॅसबद्दल अडलात तर रासायनिक सूत्र पाहत बसू नका, त्यातला कार्बन आला कुठून ते विचारा.

इथे एक पोटप्रश्न हुशार मुलं हमखास काढतात: पाइपच्या गॅसमध्ये बायोगॅस मिसळला तर? शहरी गॅस कंपन्यांसाठी केंद्राने शुद्ध केलेल्या बायोगॅसचं प्रमाण ठरवलं आहे: २०२५-२६ मध्ये १ टक्का, २०२८-२९ पासून ५ टक्के. तेवढा हिस्सा नवीकरणीय धरायला हरकत नाही. बाकीचा तक्त्याच्या दुसऱ्या बाजूला, कोळशाशेजारी.