चार्ज प्लस आहे की मायनस, कसं ओळखायचं?

घासलेला फुगा कागदाचे कपटे उचलतो, पण त्यावरून फक्त चार्ज आहे एवढंच कळतं, प्लस की मायनस ते नाही, कारण साधा कागद दोन्हीकडे ओढला जातो. मुलं नेमकी इथेच फसतात. आकर्षणावर विसंबायचं नाही, खात्रीचा पुरावा एकच, प्रतिकर्षण, म्हणजे सारख्या चार्जनी एकमेकांना दूर ढकलणं.

विद्युतदर्शी, म्हणजे चार्ज दाखवणारं साधं उपकरण घ्या, सुवर्णपत्राचा नसला तरी काचेच्या बरणीत तारेला लटकवलेल्या अॅल्युमिनियम फॉइलच्या दोन पातळ पट्ट्या चालतात, तारेचं वरचं टोक बाहेर ठेवून त्यावर फॉइलची चकती बसवा. सगळं कोरडं हवं, दमट हवेत चार्ज टिकतच नाही. आता पीव्हीसी पाइप लोकरीच्या कापडावर घासा, त्यावर मायनस येतो. तो चकतीवर घासत ओढा, नुसता टेकवून भागत नाही कारण प्लास्टिकमधला चार्ज जागचा हलत नाही. पाइप बाजूला नेला तरी पट्ट्या फाकलेल्या राहिल्या पाहिजेत.

मग जे तपासायचंय ते वरून, लांबून, अगदी हळू जवळ आणा. पट्ट्या अजून फाकल्या तर मायनस, विषय संपला. मिटायला लागल्या तर लगेच प्लस म्हणू नका! नुसता हात जवळ नेऊन बघा, तरी त्या थोड्या मिटतात.

अशा वेळी विद्युतदर्शीला प्लस चार्ज द्यायचा, आणि तोही त्याच पाइपने देता येतो, हे मला फार आवडतं. आधी चकतीला बोट लावून जुना चार्ज घालवा, घासलेला पाइप चकतीच्या जवळ धरा पण टेकवू नका, तसाच धरून चकतीला बोट लावा, आधी बोट काढा आणि मग पाइप. क्रम उलटा झाला की काहीच उरत नाही. आता तीच वस्तू परत आणा, पट्ट्या जास्त फाकल्या तर प्लस, दोन्ही वेळा मिटल्या तर चार्ज नाही किंवा अगदीच कमी आहे.

हळू का, तर जोरदार विरुद्ध चार्ज झटकन आणला तर पट्ट्या मिटून परत फाकतात, आणि बघणाऱ्याला फक्त फाकलेल्याच दिसतात. पहिली हालचाल बघायची.

छोटा निऑन दिवा असेल तर अजून एक सोपी रीत, एक तार बोटांत धरायची आणि दुसरी चार्ज असलेल्या वस्तूला लावायची, उजेड मायनसकडच्या इलेक्ट्रोडभोवती (दिव्यातल्या दोन धातूच्या टोकांपैकी एकाभोवती) पडतो, म्हणजे वस्तूकडचा इलेक्ट्रोड चमकला तर वस्तू मायनस. चमक क्षणभरच असते, खोलीत अंधार करा.