उंदरासाठी चाक-पडद्याची रिग बांधताना

उंदीर पुढच्या पायांनी चाक फिरवतो, तसा पडद्यावरचा पट्ट्यापट्ट्यांचा ठिपका सरकतो; ठिपका मध्यावर आला की पाण्याचा थेंब. बघून पाय चालवायला उंदीर कसा शिकतो, हे मोजायची ही आता रूढ रचना, म्हणजे रिग. इंटरनॅशनल ब्रेन लॅबोरेटरी या मेंदू-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये ती सात प्रयोगशाळांत एकसारखी चालवून दाखवली, आराखडेही खुले आहेत. तरी ‘उंदीर शिकतच नाही’ अशी तक्रार आली की मी आधी पडदा तपासतो, मग उंदीर.

चाक सोपं. लेगोचं ६२ मिमी व्यासाचं रबरी टायर घ्या, नखांना पकड मिळते. चाक किती फिरलं ते विजेच्या ठोक्यांनी (पल्सनी) सांगणारा, फेरीला १०२४ पल्सचा एन्कोडर लावून पल्सच्या सगळ्या चढत्या-उतरत्या कडा मोजल्या की फेरीला ४०९६ मोजण्या, म्हणजे एक मोजणी सुमारे ०.०५ मिमीची. चाक एक मिलिमीटर सरकलं की ठिपका उंदराच्या नजरेत ४ अंश सरकेल असं गुणोत्तर ठेवलं, तर ३५ अंशांवरचा ठिपका जेमतेम ९ मिमीत मध्यावर येतो. नवशिक्या उंदराला ८ अंश द्या. चाक शाफ्टवर आवळणारा छोटा ग्रब स्क्रू मात्र घट्ट हवा.

आता पडदा. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र काढतो. सॉफ्टवेअर ‘दाखवलं’ म्हणतं ती फक्त आज्ञेची वेळ. उजेड नंतर पडतो, आणि किती नंतर ते पडद्या-पडद्यावर ठरतं. म्हणून कोपऱ्यात दर बदलाला काळा-पांढरा होणारा छोटा चौकोन ठेवा, त्यावर उजेड टिपणारा फोटोडायोड चिकटवा, वरून काळी टेप. उंदराला तो दिसता कामा नये. फोटोडायोडचा पल्स आणि एन्कोडर एकाच घड्याळावर नोंदवा. आणखी एक गोम: चित्र वरून खाली रंगत जातं. फोटोडायोड वरच्या कोपऱ्यात असेल, तर मधला ठिपका त्यानंतर सुमारे ८ मिलिसेकंदांनी उजळतो. तेवढे हिशेबात धरा.

थेंब सोडणाऱ्या विजेच्या झडपेवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, सावकाश काम करा. थेंब ३ मायक्रोलिटरचा हवा, तर १०० थेंब बाटलीत पाडून वजन करा, ०.३ ग्रॅम भरलं पाहिजे. व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा वेळ बदलत तीन-चार वजनं घ्या. पाण्याची टाकी उथळ आणि रुंद ठेवा, नाहीतर पातळी उतरते तसा थेंब बारीक होतो. नळीत बुडबुडा नको. व्हॉल्व्हच्या कॉइलवर, ती बंद होताना उसळणारा विजेचा झटका गिळायला, उलटा डायोड लावाच, १एन४००७ प्रकारचा चालतो, पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळेल. तो नसला की दर थेंबाला एन्कोडरमध्ये खोट्या मोजण्या शिरतात, आणि बक्षीस मिळताच उंदीर दचकून चाक हलवतो असा ‘शोध’ लागतो.

उंदराचं चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यासाठी ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी लावा, उंदराला ते दिसत नाहीत. डोकं स्थिर करायची शस्त्रक्रिया आणि प्राणी-नैतिकता समितीची परवानगी हा प्रयोग करणाऱ्यांचा प्रांत. मी त्यात पडत नाही, पण परवानगीचा कागद बघितल्याशिवाय रिगही देत नाही.

उंदीर आणण्याआधी रिग रात्रभर रिकामी चालवा. सकाळी फाइलमधले फोटोडायोडचे पल्स आणि सॉफ्टवेअरच्या आज्ञा मोजा. एकाचाही फरक निघाला तर सदोष केबल शोधा.