मोबाइलवरील ई-स्वाक्षरी ॲपमध्ये दस्तऐवज कसा आणावा

ई-स्वाक्षरीच्या ॲपमध्ये सही करायला जेमतेम अर्धे मिनिट लागते. चूक होते ती बहुधा त्याआधी, दस्तऐवज ॲपमध्ये आणताना. अशी ॲप्स सहसा फाइलची एक प्रत स्वतःकडे घेतात आणि सही त्या प्रतीवर उमटते. त्यामुळे जुना मसुदा आत गेला, तर सही त्या जुन्या मसुद्यालाच लागते, आणि मूळ फाइल नंतर सुधारली तरी त्या सहीत फरक पडत नाही.

म्हणून प्रथम अंतिम मसुदा कोणता ते ठरवावे आणि तो पीडीएफमध्ये जतन करावा. अनेक ॲप्स वर्डची फाइलही स्वीकारतात, परंतु रूपांतर ॲपवर सोपवले की फॉन्ट बदलू शकतो, ओळी सरकू शकतात आणि कधीकधी सहीची जागा एकटीच पुढच्या पानावर जाते. ज्या प्रोग्रॅममध्ये मजकूर लिहिला, त्यातूनच पीडीएफ काढणे मला अधिक सुरक्षित वाटते.

फाइल फोनवर किंवा क्लाउडवर असेल, तर ॲपमधील अधिकच्या (+) चिन्हावर किंवा ‘अपलोड’वर टॅप करून ती निवडावी. आयफोनवर यासाठी ‘फाइल्स’ची खिडकी उघडते, अँड्रॉइडवर फाइल निवडण्याची प्रणालीची स्वतःची खिडकी उघडते. या मार्गाने ॲपला फक्त निवडलेली फाइल मिळते. तेव्हा पूर्ण स्टोरेजची परवानगी मागितली गेल्यास ती देण्यापूर्वी थांबून विचार करावा.

ईमेलमधून आलेली फाइल उघडून ‘शेअर’च्या यादीतून थेट स्वाक्षरी ॲपकडे पाठवता येते. गूगल ड्राइव्हमध्ये मात्र साध्या ‘शेअर’ने इतरांना फाइल पाहण्याची मुभा दिली जाते, फाइल पुढे जात नाही, तेथे प्रत पाठवण्याचा पर्याय निवडावा.

कागदावरील दस्तऐवजासाठी साधा फोटो काढण्यापेक्षा ॲपमधील स्कॅनची सोय वापरावी, कारण ती कडा ओळखून पान सरळ करते आणि सगळी पाने एकाच पीडीएफमध्ये बांधते. कागद गडद, सपाट पृष्ठभागावर ठेवावा आणि हाताची सावली पडू देऊ नये. कृष्णधवल प्रकारात फिकट शिक्के पुसले जातात, म्हणून शिक्का असेल तेथे रंगीत स्कॅनच घ्यावा. आयफोनचा फोटोच वापरायचा असेल आणि ॲप एचईआयसी (आयफोन ज्यात फोटो साठवतो तो फाइल प्रकार) नाकारत असेल, तर तो जेपीईजीमध्ये बदलून घ्यावा.

पासवर्ड असलेली पीडीएफ बहुतेक ॲप्स स्वीकारत नाहीत. पाठवणाऱ्याकडून पासवर्डविरहित प्रत मागवणे उत्तम. ज्या फाइलवर आधीच कोणाची प्रमाणपत्राधारित डिजिटल सही (सही कोणाची आहे आणि नंतर फाइल बदलली का, हे तपासता येणारी सही) आहे, तिच्याबाबत विशेष जपावे. ती पुन्हा पीडीएफ म्हणून प्रिंट केली किंवा दुसऱ्या फाइलला जोडली, तर सहीचे चित्र दिसत राहते, पण तिची पडताळणी होत नाही. अशी फाइल आली तशीच, कोणताही बदल न करता आत घ्यावी.

फाइल आत आल्यावर पानांची संख्या मूळ फाइलशी ताडून पाहावी, शेवटचे पान आणि परिशिष्टे उघडावीत, रकमा आणि तारखा मोठ्या करून वाचाव्यात. काही खटकले, तर ती प्रत काढून टाकून योग्य फाइल नव्याने आणावी. हे सहीच्या चौकटी मांडण्याआधीच करावे, कारण दस्तऐवज इतरांकडे सहीसाठी गेल्यावर बहुधा आधीची विनंती रद्द करून सर्वांना पुन्हा सही करायला सांगावे लागते.