खोलीत बास घुमतोय? आधी मोजा, मग इक्वलायझरला (ठराविक सूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीला) हात लावा

आपल्या इंदूरात बहुतेक घरं विटांच्या भिंती आणि वर स्लॅब अशीच, त्यामुळे बासला, म्हणजे खालच्या जाड आवाजाला, बाहेर पडायला वाटच नसते, तो समोरासमोरच्या भिंतींमध्ये आपटत राहतो आणि ठराविक सूर नुसते घुमतात. कोणते, ते साधारण काढता येतं. 565 ला खोलीच्या फुटातल्या लांबीने भागा. 12 फुटांना 47 हर्ट्झ (सेकंदाला 47 कंपनं), 10 फुटांना 56 च्या आसपास, आणि त्यांच्या दुपटीवरही त्रास असतोच.

कानाने ओळखायचं तर आपल्या इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांचा विलंबित झूमरा (झूमरा तालातला संथ ख्याल) लावा आणि फक्त डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला खर्जाचा, ऐका. मनगट घासलं की सूर खालून वर सरकतो, तो सलग सरकायला पाहिजे. मधेच एका जागी फुगला, आणि दुसऱ्या खोलीत तेच रेकॉर्डिंग नीट वाजलं, तर तबलजीचा काही दोष नाही, खोलीचा आहे.

पहिले सोफा मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या, स्पीकर कोपऱ्यातून काढा. फुकटात इतका फरक पडतो की लोक हे का करत नाहीत कळत नाही मला.

मग मोजा. रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, माइक मात्र कॅलिब्रेशन फाइलवाला (स्वतःची चूक दुरुस्त करणारी फाइल सोबत येते असा) घ्या, उमिक-1 सारखा. बसता तिथे कानाच्या उंचीवर ठेवून 20 ते 300 हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर) वाजवा, डावा-उजवा वेगळा, मग माइक फूटभर इकडेतिकडे सरकवून परत. आलेखात सगळीकडे दिसतो तोच उंचवटा दाबायचा.

समजा 47 वर 9 डीबीचा (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) डोंगर आहे, तर पॅरामेट्रिक फिल्टर (जागा, प्रमाण आणि रुंदी आपण ठरवतो तो) 47 वर, गेन म्हणजे वाढ-घट उणे 7 डीबी, क्यू म्हणजे फिल्टर किती अरुंद ते 5 च्या जवळ, आणि लगेच परत मोजा. विंडोजवर इक्वलायझर एपीओ या सॉफ्टवेअरमध्ये हे फिल्टर टाकता येतात.

आलेखातला खड्डा मात्र भरू नका, प्लीज! तिथे परतलेली लाट मूळ लाटेला खाते, तुम्ही आवाज वाढवला की परतणारी लाटही तेवढीच वाढते, खड्डा तसाच राहतो आणि 6 डीबीसाठी अँप्लिफायरला चौपट पॉवर द्यावी लागते. तो जागा बदलूनच सुटतो. 200-250 हर्ट्झच्या वर पण फार छेडछाड नको.

सुरुवातीला बास गेल्यासारखा वाटेल, म्हणून व्हॉल्यूम सारखा करूनच तुलना करा आणि दोन-चार दिवस ऐका. सोफा हलवला तर मोजणी पुन्हा.