वीजबिल एक, विभाग तीन: सामाईक खर्च कसा वाटावा

महिनाअखेरीच्या बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो: ‘आमच्या माथी एवढी वीज कशी आली?’ उत्तर बिलातच असतं, पण त्यासाठी आधी बिलाचे दोन तुकडे करावे लागतात.

१. स्थिर आणि बदलता खर्च वेगळा करा. उच्चदाब औद्योगिक बिलात हे काम महावितरणनेच करून ठेवलेलं असतं. मागणी आकार, म्हणजे आपला डिमांड चार्ज, केव्हीएवर, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची त्या क्षमतेच्या मापावर लागतो. यंत्रं थांबली तरी त्यातला बराचसा भरावाच लागतो. वीज आकार मात्र वापरलेल्या युनिटांवर.

२. स्थिर भाग मागून घेतलेल्या क्षमतेवर वाटा. सोपे आकडे धरू. मशीन शॉपने १००, रंगकामाने ६० आणि असेंब्लीने ४० केव्हीए मागितले. डिमांड चार्ज १,२०,००० रुपये, म्हणजे वाटे ६०,०००, ३६,००० आणि २४,०००. वर्षभर हेच.

३. बदलता भाग प्रत्यक्ष वापरावर वाटा. त्यासाठी प्रत्येक विभागाला सब-मीटर हवा. अंदाजाने वाटलेले युनिट कोणीच मान्य करत नाही. दर ९ रुपये आणि वापर २०,०००, १४,००० व ६,००० युनिट असेल, तर मशीन शॉपचे एकूण २,४०,००० होतात.

आता सगळं बिल सरसकट युनिटांवर वाटलं तर? एकूण ४,८०,००० भागिले ४०,०००, दर १२ रुपये. मशीन शॉपचे तेवढेच, २,४०,०००. म्हणून ही पद्धत बरी वाटते. पुढच्या महिन्यात रंगकामाला ऑर्डर नाही, त्यांचा वापर निम्मा, ७,०००. बिल ४,१७,०००, युनिट ३३,०००, दर साधारण १२.६४. मशीन शॉपने एकही युनिट जास्त जाळलं नाही, तरी त्यांच्यावर सुमारे १२,७०० रुपये वाढले! दोन तुकड्यांच्या पद्धतीत त्यांचा आकडा २,४०,०००वरच राहतो.

यात एक पळवाट आहे. स्थिर वाटा कमी पडावा म्हणून विभागप्रमुख केव्हीए कमी सांगतात. करारापेक्षा मागणी वाढली की महावितरण दंड लावतं. तोच न्याय आत लावा, जास्तीच्या केव्हीएला चढा दर.

४. बाकीचे खर्च. भाडं चौरस फुटांवर, कँटीन हजेरीवर. मेंटेनन्सचा पगार स्थिर, सुटे भाग ज्याच्या यंत्राला लागले त्याच्या नावावर. मेंटेनन्सवालेही कँटीनमध्ये जेवतात, म्हणून कँटीनचा खर्च आधी वाटून मगच मेंटेनन्सचा वाटा.

५. आधार कागदावर आणा. कोणता खर्च कशावर वाटायचा, हे एका पानावर लिहून मार्चअखेर सगळ्यांच्या सह्या घ्या. मध्येच कोणी कितीही आरडाओरडा केला तरी पुढच्या एप्रिलपर्यंत ते पान बदलू नका. बदल करायचाच झाला, तर मागच्या तीन महिन्यांचे आकडे नव्या आधारावर मांडून बैठकीत ठेवा.